चवथीच्या मंडपातलं कालयंत्र: तीन ओळींच्या तारीख-फलकाचं इलेक्ट्रॉनिक्स, वहीपासून पेटीपर्यंत

सिनेमातली वस्तू शॉटपुरती चालते. कॅमेऱ्यामागे तिला सांभाळणारी माणसं उभी असतात, आणि एखादा दिवा गेलाच तर पुन्हा टेक घेता येतो. आपली वस्तू मात्र मंडपात अकरा दिवस राहणार, भाद्रपदातल्या पावसात, दिवसातून दोनतीनदा वीज जाणार, आणि गावातलं प्रत्येक पोर तिची बटणं दाबून बघणार. गोव्यातल्या डिचोलीकडच्या आमच्या सार्वजनिक गणेशोत्सवात मुलांनी देखाव्यासाठी कालयंत्र मागितलं, तेव्हा हा फरक मनात पक्का धरूनच मी कामाला लागलो. हुबेहूब दिसणं महत्त्वाचं आहेच. पण प्रत्येक निर्णय घेताना मी स्वतःला एकच प्रश्न विचारत होतो: अकराव्या रात्री हे चालू असेल का, आणि नसलं तर दहा मिनिटांत उघडून नीट करता येईल का?

नमुना घेतला १९८५ सालच्या ‘बॅक टू द फ्यूचर’मधल्या डिलोरियन गाडीचा. तिच्या डॅशबोर्डवर तीन ओळींचा तारीख-फलक आहे आणि सीटांच्या मागे इंग्रजी वायच्या आकारात दिवे धावणारा फ्लक्स कपॅसिटर, म्हणजे कालप्रवास घडवणारं सिनेमातलं काल्पनिक यंत्र. दिवाळीतल्या नरकासुराच्या पुतळ्याचे हात हलवायला वायपरची मोटर आणि रिले (विजेवर चालणारा स्विच) जोडणं आमच्याकडे बऱ्याच पोरांना येतं. हे काम त्याच्या एक पायरी पुढचं आहे. सोल्डरिंग येत असेल आणि आर्डुइनोवर एखादा दिवा लुकलुकवला असेल, तर जमेल.

आधी वागणूक लिहा

सुट्या भागांची यादी नंतर. आधी तो प्रसंग थांबवत थांबवत बघा आणि वहीत काय दिसतं ते लिहा. आमच्या वहीत लिहिलं होतं ते असं. वरची ओळ लाल, जिथे जायचं ती तारीख. मधली हिरवी, आत्ताची तारीख. खालची पिवळी, जिथून शेवटचं निघालो ती तारीख. प्रत्येक ओळीत महिन्याची तीन अक्षरं, दिवसाचे दोन अंक, वर्षाचे चार, तासाचे दोन, मिनिटांचे दोन, एएम-पीएमचे दोन बारके दिवे आणि तास-मिनिटांमधले दोन ठिपके.

मग हालचाल. कळफलकावरून तारीख भरली की ती वरच्या ओळीत बसते. उडी मारली की मधली तारीख खाली उतरते आणि वरची मध्ये येते. हा ओळींचा खेळ म्हणजे या वस्तूचा जीव. रंग थोडा फिका चालेल, पण उडीनंतर खालची ओळ बदलली नाही तर सिनेमा बघितलेलं पोर लगेच बोट दाखवतं.

आम्ही पाच अवस्था ठरवल्या: शांत, तारीख भरणं, सज्ज, उडी, उतरणं. प्रत्येक अवस्थेपुढे तीन गोष्टी लिहिल्या: काय दिसतं, काय ऐकू येतं, आणि कशाने पुढची अवस्था येते. ही दोन पानं नंतर प्रोग्राम लिहिताना जशीच्या तशी कामाला आली. हा कागद वगळून थेट ब्रेडबोर्डकडे, म्हणजे सोल्डर न करता जोडणी करून बघायच्या फळीकडे, धावू नका. माझी सगळ्यात आग्रहाची सूचना हीच आहे.

दिवे मोजा

सेगमेंट म्हणजे अंक किंवा अक्षर बनवणारी एकेक पेटणारी पट्टी. एका ओळीत चौदा सेगमेंटची तीन अक्षरं, म्हणजे ४२ दिवे. सात सेगमेंटचे दहा अंक, म्हणजे ७०. त्यात चार बारके दिवे. एकूण ११६, आणि तीन ओळींचे ३४८. प्रत्येकाला स्वतंत्र वायर देणं शक्य नाही. म्हणून मल्टिप्लेक्सिंग: दिव्यांची जाळी करायची आणि एका वेळी एकच पट्टी, पण इतक्या झपाट्याने पेटवायची की डोळ्याला सगळं एकदम पेटलेलं दिसावं.

यासाठी मॅक्स७२१९ ही चिप बहुतेकांना माहीत असते. ती चांगली आहे, पण आठ अंकांची, म्हणजे ६४ दिव्यांची. एका ओळीला दोन लागतील, आणि चौदा सेगमेंटची अक्षरं तिच्या आठाच्या चौकटीत नीट बसत नाहीत. मी घेतली एचटी१६के३३. तिच्या २८ पायांच्या रूपात आठ कॉम आणि सोळा रो, अशा जाळीच्या दोन दिशांच्या तारा असतात, म्हणजे १२८ दिव्यांची जाळी.

आता हिशोब बघा, कारण सगळी मांडणी यावरच उभी आहे. तीन अक्षरं प्रत्येकी एका कॉमवर, म्हणजे तीन कॉम गेले. उरले पाच. अंक दहा. एका कॉमवर दोन अंक बसवले, पहिला रो ० ते ६ वर आणि दुसरा रो ८ ते १४ वर, तर दहा अंक बरोबर पाच कॉममध्ये मावतात. एका ओळीला एक चिप, ना कमी ना जास्त. अंकांच्या कॉमवर रो ७ आणि रो १५ मोकळे राहतात. एएम, पीएम आणि दोन ठिपके तिथे बसतात, तरी सहा जागा शिल्लक.

या मांडणीचा आणखी एक फायदा आहे. चिपच्या आतली मेमरी सोळा बाइटांची असते, प्रत्येक कॉमला दोन बाइट. त्यामुळे प्रत्येक अंकाला स्वतःचा एक बाइट मिळतो आणि प्रोग्राममध्ये बिटांची ओढाताण करावी लागत नाही. अक्षरं मात्र रो ० ते १३ वर सलग घ्या, म्हणजे तयार लायब्ररीतला अक्षरांचा तक्ता तसाच चालतो.

डिस्प्ले विकत घेताना

कॉमन कॅथोडच घ्या, म्हणजे सगळ्या सेगमेंटचं ऋण टोक एकत्र असलेले अंक. ही चिप रोमधून करंट देते आणि कॉममधून ओढून घेते. कॉमन अॅनोडचे अंक तिच्यावर उलटे पडतात.

दुसरी गोष्ट मला पैसे घालवून कळली. दोन अंकांची जोड-पाकिटं स्वस्त पडली म्हणून मी पंधरा आणली. पण दहा पायांच्या त्या पाकिटांत दोन्ही अंकांचे सेगमेंट आतून एकत्र जोडलेले असतात, फक्त कॉमन वेगळे. एकाच कॉमवर दोन अंक बसवायचे तर त्यांचे सेगमेंट वेगळे हवेत. म्हणून अंक सुटे घ्या, एकेक. अक्षरांची गोष्ट वेगळी. ती प्रत्येकी वेगळ्या कॉमवर असल्यामुळे दोनाची जोड-पाकिटं बिनदिक्कत चालतात.

हिरवा रंग विचारून घ्या. एक हिरवा जुन्या पद्धतीचा, पोपटी छटेचा असतो, आणि दुसरा गडद, शुद्ध हिरवा. दोन्ही चालतील, पण एका ओळीत दोन्हींची सरमिसळ झाली तर लांबूनही खटकते. सगळे अंक एकाच वेळी, एकाच दुकानातून घ्या आणि दोनतीन जास्तीचे आणा. उत्सवाच्या मध्यात तसाच अंक परत मिळेल याची खात्री नसते.

मेंदू आणि पायांचा हिशोब

यंत्राचा मेंदू म्हणून आज सगळे ईएसपी३२ हा मायक्रोकंट्रोलर बोर्ड सुचवतात. मी जाणूनबुजून साधा आर्डुइनो नॅनो घेतला. एचटी१६के३३ पाच व्होल्टवर चालते आणि सिग्नलचा ‘हाय’ ओळखायला तिला पुरवठ्याच्या सत्तर टक्के, म्हणजे साडेतीन व्होल्ट हवे असतात. ईएसपी३२ देतो ३.३. टेबलावर बहुतेक वेळा चालून जातं. पण बहुतेक वेळा चालणं मंडपात उपयोगाचं नाही. सिग्नलचे व्होल्ट वाढवणारा लेव्हल शिफ्टर लावता येतो, पण नॅनो मुळातच पाच व्होल्टचा असल्यामुळे तो प्रश्नच उरत नाही.

पायांची वाटणी अशी केली. ए४ आणि ए५ आयटूसीसाठी (दोन तारांवर अनेक चिप जोडायची पद्धत), त्यावर तिन्ही ओळी आणि घड्याळ. डी२ ते डी८ कळफलकाच्या सात वायरी. डी९ फ्लक्स कपॅसिटरच्या दिव्यांचा डेटा. डी१० आणि डी११ आवाजाच्या मॉड्यूलकडे, डी१२ त्याच्या ‘बिझी’ पायाकडून. ए० वर उडीचं मोठं बटण. ए१ वर पॅनेलमागे लपवलेला एक टॉगल स्विच, आरतीच्या वेळी आवाज बंद करायला. हा स्विच विसरू नका. घुमट या मातीच्या वाद्याच्या साथीने चाललेली घुमट-आरती रंगात आलेली असताना मागून यंत्राची शिट्टी वाजली तर कोणालाच आवडणार नाही.

आयटूसीवर प्रत्येकाचा पत्ता वेगळा हवा. एचटी१६के३३ ला हेक्स ७० ते ७७ मधला पत्ता देता येतो, मॉड्यूलवरचे बारके पॅड सोल्डरने जोडून. ७०, ७१ आणि ७२ तीन ओळींना दिले. घड्याळाचा पत्ता ६८ आणि त्याच मॉड्यूलवरच्या मेमरीचा ५७, त्यामुळे टक्कर नाही.

तार मोकळी असताना तिला ‘हाय’ धरून ठेवणारे पुल-अप रेझिस्टर मात्र मोजा. प्रत्येक मॉड्यूलवर ते आधीच असतात आणि सगळे समांतर जोडले जातात. दहा किलोओमचे तीन आणि ४.७ चा एक मिळून साधारण १.९५ किलोओम होतात, म्हणजे पाच व्होल्टला अडीच मिलिअँपच्या जरा वर. आयटूसीची मर्यादा तीन. अजून एखादं मॉड्यूल वाढवणार असाल तर एकाचे पुल-अप काढून टाका. वायर अर्ध्या मीटरची असेल तर वेग १०० किलोहर्ट्झच ठेवा आणि एफआरसी या चपट्या केबलमध्ये डेटा आणि क्लॉक यांच्यामध्ये एक ग्राउंडची तार जाऊ द्या.

घड्याळ

डीएस३२३१ घ्या. शून्य ते चाळीस अंशांत त्याची चूक दशलक्षात दोन भागांपर्यंत, म्हणजे वर्षाला जेमतेम एक मिनिट. वीज गेली तरी बटन सेलवर ते चालू राहतं.

बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच मॉड्यूलवर मात्र सेल चार्ज करणारी एक जोडणी असते, एक डायोड आणि २०० ओमचा रेझिस्टर. ती रिचार्ज होणाऱ्या एलआयआर२०३२ साठी आहे. आपण लावतो साधा सीआर२०३२, जो चार्ज करायचा नसतो. तो फुगू शकतो. मॉड्यूल हातात आल्यावर पहिलं काम म्हणजे तो रेझिस्टर उचकटून काढणं.

उडी मारल्यावर घड्याळात खोटी तारीख भरू नका. घड्याळ खरी वेळच धरून ठेवू दे, आणि मधल्या ओळीत खरी वेळ अधिक उडीचं अंतर दाखवा. ‘परत या’ म्हटलं की अंतर शून्य, काम झालं. हे अंतर मिनिटांत साठवायचा मोह होतो. पण वर्ष चार आकडी आहे, पोरं ९९९९ हमखास टाकतात, आणि तेवढी मिनिटं धन-ऋण दोन्ही धरणाऱ्या ३२ बिटांच्या संख्येत मावत नाहीत. म्हणून दिवसांची संख्या वेगळी आणि दिवसातली मिनिटं वेगळी ठेवा.

वीज

पेटीच्या आत २३० व्होल्ट आणायचे नाहीत. यावर चर्चा नको. बाहेर बीआयएसची खूण असलेला पाच व्होल्टचा अॅडॅप्टर, आणि पेटीत फक्त पाच व्होल्ट. ओल्या मंडपात, मुलांच्या हाताखाली, दुसरं काही चालणार नाही.

अॅडॅप्टर किती अँपचा? एचटी१६के३३ चा एक कॉम साधारण दोनशे मिलिअँप ओढू शकतो आणि एका क्षणी एकच कॉम चालू असतो. म्हणून ओळीला २०० धरा, तिघींचे ६००. फ्लक्स कपॅसिटरचे चोवीस दिवे डब्ल्यूएस२८१२बी (प्रत्येकाचा रंग आणि उजेड प्रोग्राममधून ठरवता येणारे), प्रत्येकी पूर्ण पांढऱ्या उजेडाला ६० मिलिअँप, म्हणजे १४४०. आवाज मोठा असताना ५०० धरा, उरलेल्याला ५०. बेरीज २५९० मिलिअँप. तीन अँपचा अॅडॅप्टर पुरतो. शिवाय प्रोग्राममध्ये दिव्यांचा उजेड एक तृतीयांशावर बांधून ठेवला तर तो कधीच तापत नाही.

उलटी जोडणी होऊ नये म्हणून बरेचजण मध्ये एक शॉट्की डायोड टाकतात. तीन अँपच्या डायोडवर चारपाच दशांश व्होल्ट पडतात, म्हणजे आत येतात साडेचारच्या आसपास. एचटी१६के३३ ची किमान गरजही साडेचारच. लांब वायरीत आणखी थोडे पडले की अंक फिके, वागणं विचित्र. डायोडऐवजी पी-चॅनल मॉसफेट लावा, म्हणजे जवळजवळ व्होल्ट न पाडणारा इलेक्ट्रॉनिक स्विच. तेही नको असेल तर उलटा बसूच शकणार नाही असा खाचेचा कनेक्टर वापरा, आणि अॅडॅप्टरच्या पिनचा धन-ऋण मीटरने तपासून त्यावर रंग लावा.

आत शिरताच तीन अँपचा काचेचा फ्यूज. तिथून प्रत्येक भागाला वेगळी जाड वायर, आणि सगळ्यांचं ग्राउंड त्याच एका ठिकाणी परत. एका भागाचं ग्राउंड दुसऱ्याच्या पाठीवरून नेलं की दिवे धावताना स्पीकरमध्ये करकर ऐकू येते. दिव्यांच्या पट्टीजवळ १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, तिच्या डेटा वायरीत ३३० ते ४७० ओमचा रेझिस्टर, प्रत्येक चिपपाशी ०.१ मायक्रोफॅरड. प्रोग्राम चढवताना अॅडॅप्टर लावलेला ठेवा. नॅनोवरचा डायोड बारका असतो, यूएसबीवरून सगळ्या दिव्यांचा भार त्याच्यावर टाकू नका.

प्रोग्राम

‘डिले’ हा शब्द प्रोग्राममधून हद्दपार करा. तो वापरला की त्या वेळात कळफलक बहिरा होतो आणि दिवे थिजतात. प्रत्येक भागाने ‘मिलिस’, म्हणजे चालू झाल्यापासूनचे मिलिसेकंद, बघून स्वतःची पाळी आली का ते ठरवायचं आणि लगेच परत यायचं. वहीतल्या पाच अवस्था म्हणजे एक स्विच-केस. बस.

तारीख भरताना बारा आकडे: महिना, दिवस, वर्ष, तास, मिनिट. तास चोवीसाच्या हिशोबाने भरायचे आणि दाखवताना बाराच्या. चुकीची तारीख यंत्राने नाकारली पाहिजे. २९ फेब्रुवारी १९०० नाही म्हणायला हवं आणि २९ फेब्रुवारी २००० होय म्हणायला हवं. या दोन तारखा टाकून बघितल्या की लीप वर्षाचा हिशोब बरोबर आहे का ते कळतं.

वरच्या आणि खालच्या ओळीतल्या तारखा नॅनोच्या ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) ठेवा, म्हणजे वीज जाऊन आल्यावर यंत्र होतं तिथूनच सुरू होतं. ती मेमरी एका जागी लाखभर वेळा लिहिण्याची असते. दर सेकंदाला लिहिलं तर दीड दिवसही टिकणार नाही. फक्त उडी झाल्यावर लिहा.

दिव्यांची पट्टी ताजी करताना लायब्ररी इंटरप्ट, म्हणजे चालू काम थांबवून मध्ये येणाऱ्या हाका, बंद करते. एका दिव्याला ३० मायक्रोसेकंद, चोविसांना पाऊण मिलिसेकंदाच्या आत. इतक्या वेळात सॉफ्टवेअर सीरियलवरून येणारा बाइट बिघडू शकतो. म्हणून आवाजाच्या मॉड्यूलला फक्त हुकूम द्या, त्याचं उत्तर वाचू नका. वाजतंय की संपलं ते ‘बिझी’ पायावरून ओळखा. वाजत असताना तो लो असतो.

वॉचडॉग, म्हणजे प्रोग्राम अडकला तर बोर्ड रीसेट करणारा पहारेकरी, चालू करा. आयटूसी अडकून यंत्र थिजलं तर दोन सेकंदांत ते स्वतःच पुन्हा सुरू होईल. पण त्याआधी नॅनोवर नवा बूटलोडर (बोर्ड सुरू होताच आधी चालणारा छोटा प्रोग्राम) आहे ना बघा. जुना असेल तर वॉचडॉगने रीसेट केल्यावर बोर्ड पुन्हा पुन्हा रीसेट होत बसतो.

फ्लक्स कपॅसिटरमध्ये वायच्या तीन हातांवर आठ-आठ दिवे, उजेड बाहेरून मध्याकडे धावतो. मागे शेपूट ठेवा, पण तिचे आकडे सरळ उतरते घेऊ नका. २५५, ११०, ४०, १२ असे झपाट्याने पडणारे घ्या. डोळ्याला अर्धा उजेड अर्धा दिसत नाही, बराच जास्त दिसतो, त्यामुळे सरळ उतरती शेपूट लांबून नुसता पट्टा वाटते. शांत असताना एक फेरी ६०० मिलिसेकंदांची, उडीच्या आधी कमी करत करत ८० पर्यंत. दिव्यांवर अॅक्रिलिकच्या नळ्या, त्या आतून ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून धुरकट केलेल्या.

तिन्ही ओळींचा उजेड सारखा दिसला पाहिजे. डोळा हिरव्याला सगळ्यात जास्त दाद देतो, त्यामुळे एकाच पातळीवर मधली ओळ वरचढ होते. चिपमध्ये उजेडाच्या सोळा पायऱ्या आहेत. रात्री, मंडपाच्याच दिव्यांत, दहा पावलांवर उभं राहून त्या जुळवा. घरच्या टेबलावर जुळवलेल्या पायऱ्या तिथे चुकतात.

आवाज

डीएफप्लेयर मिनी हे आवाजाचं मॉड्यूल आणि चार ओमचा एक स्पीकर पुरतो. नॅनोकडून त्याच्या आरएक्सला जाणाऱ्या वायरीत एक किलोओमचा रेझिस्टर टाका, नाहीतर सतत बारीक घरघर ऐकू येते. मेमरी कार्ड ३२ जीबीपर्यंतचं, फॅट३२ मध्ये, ‘एमपी३’ नावाच्या फोल्डरमध्ये चार आकडी नावांच्या फाइली.

सिनेमातला आवाज उचलून लावायचा नाही, असं आम्ही आधीच ठरवलं होतं. तो दुसऱ्याच्या मेहनतीचा. आमच्याकडे चवथीच्या दिवसांत घरोघरी घुमट, शामेळ (हाही एक ढोल) आणि कासाळें (झांजा) बाहेर निघालेली असतातच. भाच्याने घुमटाचा एकच खोल ठोका मोबाइलवर घेतला, ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उलटा फिरवला आणि संथ केला. कुठूनतरी काही ओढलं जातंय असा आवाज तयार झाला. शामेळची हळूहळू वेग धरणारी चाल उडीच्या आधी वाजते, कासाळ्यांचा विरत जाणारा झणत्कार उतरल्यावर. या सगळ्या यंत्रात मला मनापासून आवडलेली गोष्ट हीच. मातीच्या वाद्याचा आवाज परग्रहावरचा वाटतो, आणि तरीही गावातली म्हातारी माणसं तो ऐकून ओळखीचं हसतात.

सोल्डरिंग आणि दमट हवा

तीन ओळी म्हणजे एकच बोर्ड तीनदा करायचा. किकॅड या सर्किट-बोर्ड आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये एक डिझाइन काढून बोर्ड मागवलात तर उत्तम. झिरो पीसीबीवर, म्हणजे नुसती भोकं असलेल्या तयार बोर्डावर, केलात तर पहिली ओळ पूर्ण चालवून बघा, तिचा फोटो छापून समोर लावा आणि मगच दुसरी सुरू करा. ओळी, कळफलक, स्पीकर, सगळं बर्ग स्ट्रिपने किंवा कनेक्टरने जोडा. थेट सोल्डर काहीही नको, आणि प्रत्येक कनेक्टरवर मार्करने नाव.

आता गोव्याच्या हवेबद्दल. इथे वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि चवथ येते तेव्हा भिंतीसुद्धा ओल्या असतात. उत्सवाच्या दुसऱ्या रात्री भाचा धावत आला: “मामा, हें आपशींच आंकडे घालता!” खरंच, कोणी हात लावला नसताना वरच्या ओळीत आकडे भरले जात होते. प्रोग्राममध्ये तासभर शोधून काही सापडलं नाही. कारण बोर्डावर होतं. कळफलकाच्या वायरींपाशी सोल्डरचा फ्लक्स मी पुसलाच नव्हता. ओल धरलेल्या त्या थरातून शेजारशेजारच्या वायरींमध्ये करंट झिरपत होता. नॅनोचे आतले पुल-अप २० ते ५० किलोओमचे, म्हणजे कमकुवत. एवढीशी गळतीही त्यांना खाली ओढायला पुरली.

त्यावर उपाय केले ते असे. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने बोर्ड दोनदा धुतला, पंख्याखाली वाळवला. कळफलकाच्या वाचल्या जाणाऱ्या प्रत्येक वायरीला बाहेरून ४.७ किलोओमचा पुल-अप दिला. नंतर ओल अडवणाऱ्या अॅक्रिलिक कॉन्फॉर्मल कोटिंगचा फवारा मारला. फवाऱ्याआधी कनेक्टर, मेमरी कार्डाची खाच आणि सेलचा होल्डर चिकटपट्टीने झाकायला विसरू नका, नाहीतर तिथला संपर्कच तुटतो. त्यानंतर उरलेले नऊ दिवस एकही भुताचा आकडा आला नाही. तुम्ही हे सगळं पहिल्या दिवसाआधी करा.

पेटी

फलकाला तीन मिलिमीटरचं एसीपी, म्हणजे अॅल्युमिनियम कंपोझिट पॅनेल, वापरा. बोर्ड रंगवणाऱ्यांकडे त्याचे कापलेले तुकडे पडलेले असतात आणि ते गंजत नाही. अंकांसमोर धुरकट करड्या रंगाचं अॅक्रिलिक लावा. त्याने न पेटलेले सेगमेंट दिसेनासे होतात, आणि ३४८ दिव्यांचं हे जाळं एकदम महागडं दिसू लागतं. रंगीत गाळणीने ओळ अजून उठून दिसते, पण मग तीन वेगळे तुकडे कापावे लागतात.

मागचं झाकण चार अंगठ्याच्या स्क्रूंवर, म्हणजे पेचकस न शोधता उघडतं. खाली हवेसाठी भोकं, त्यांना आतून बारीक जाळी, कारण उजेडाला पावसाळी किडे येतात. वर भोकं नकोत, मंडपाचं छप्पर गळतं. आत सिलिका जेलच्या दोन पिशव्या.

लोकांसमोर ठेवण्याआधी

घरी सलग दोन दिवस चालू ठेवा. मधूनच प्लग काढा, पुन्हा लावा, दहाबारा वेळा. कळफलकाच्या दोन कळा एकदम दाबा. लहान मुलाला समोर बसवा आणि काही न सांगता नुसतं बघा. आमच्या मुलाने उडीचं बटण दाबूनच धरलं, आणि यंत्र उड्या मारतच सुटलं. मग बटण सुटल्याशिवाय दुसरी उडी मोजायची नाही, असं प्रोग्राममध्ये घातलं. दाबल्यावर २० मिलिसेकंद थांबून पुन्हा बघणं तर हवंच.

मोबाइलवर चित्रण करताना अंक तुटक किंवा सरकताना दिसतील. चिप सगळ्या कॉमची फेरी सेकंदाला साधारण शंभरदा पूर्ण करते, आणि झटपट शटर त्यातला एकच तुकडा टिपतो. कॅमेऱ्यात शटर १/५० वर बांधून ठेवलं की दोन फेऱ्या एका चित्रात येतात आणि अंक स्थिर दिसतात.

सुरुवातीची तारीख ठरवताना वाद झाला. सिनेमाप्रमाणे वरच्या ओळीत ५ नोव्हेंबर १९५५ हवं, असं मोठ्या मुलांचं म्हणणं. शेवटी तिथे १९ डिसेंबर १९६१ ठेवली, गोवा मुक्तीचा दिवस. रांगेतले आजोबा ती ओळ वाचून थांबायचे आणि त्या दिवशी आपण कुठे होतो ते नातवंडांना सांगायचे. त्या वेळात मागची पोरं बटणाची वाट बघत उभी असायची, म्हणून तिसऱ्या दिवशी आम्ही उडीनंतरचा उतरण्याचा वेळ चार सेकंदांवरून दहावर नेला.

विसर्जन झाल्यावर पेटी तशीच माळ्यावर टाकू नका. सिलिका जेल बदला, अॅडॅप्टर आणि त्याची वायर त्याच पेटीत बांधून ठेवा, जास्तीचे अंक एका पाकिटात घाला, आणि वहीच्या त्या दोन पानांची व पायांच्या वाटणीची प्रत झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा. सेल काढायची गरज नाही. पुढच्या चवथीला प्लग लावला की मधली ओळ थेट त्या दिवसाची तारीख दाखवते.